फवारणीचं पाणी

८ ऑगस्ट
केनवडजवळ नानांचं सोयाबीन. अळी भरपूर. ड्रोन जमिनीवर, बॅटरी लावलेली. पाण्यासाठी विहिरीकडे वळले तर नानांच्या बायकोने, काकूंनी अडवलं. "तू विहिरीपाशी नोको येऊ वं. सून वतून देते." बौद्धवाड्यातली मी, कारण तेवढंच. सून म्हणजे स्वाती. शाळेत माझ्या बाकावर बसायची. तिने बादली माझ्या कॅनला लागू नये म्हणून उंचावरून ओतलं. निम्मं बाहेर. औषधाचं माप चुकलं. मी सगळं ओतून दिलं. म्हटलं, पाणी मीच काढणार.
नाना : "तुह्यावर राग नाही बाई. रीत हाय."
"मंग रीतीलेच सांगा फवारायले."
ड्रोन गाडीत टाकला. निघाले.

९ ऑगस्ट
आणखी दोघांनी फवारणी रद्द केली. कारण सांगितलं नाही. ड्रोन बचत गटाचा. अध्यक्षबाईंचा फोन, काम नाकारशील तर दुसऱ्या मुलीला शिकवून तिच्याकडे देऊ. सोमवारी बैठक.
बाबा : "गावात राह्याचं हाय आपल्याले."
राहूनच तर मागं राह्यलो, म्हटलं. बाबा जेवले नाहीत. मी जेवले.

१० ऑगस्ट
नानांचा फोन. पानांची चाळणी झाली म्हणे. तोडगा काढलाय: गावातून जारचं पाणी विकत आणून बांधावर ठेवतो, तू फवार. विहीर काठोकाठ भरलेली, आणि हा माणूस पाणी विकत आणणार. हसूच आलं. अट तीच, सांगितलं.
"लय अकडू हायेस."
हो.

रविवार
स्वातीचा फोन, हळू आवाजात. "दोघंबी बाजारात गेले. ये अन् गुपचूप भरून घे."
गुपचूप नाही. ते असतानाच येईन.
"मले कायले मधात घेतं? शाळेत माह्या डब्यातलं खायची ना तू?"
"माह्या डब्यातलं तू कवा खाल्लं?"
फोन ठेवला तिने. हे बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं.

सोमवार
सकाळी नानांचा फोन : "ये. पाहू." एवढंच. गेले. नाना बांधावर पाठ करून उभे. काकू विहिरीच्या कठड्यावर. स्वातीने बादली विहिरीत सोडली आणि दोर माझ्याकडे धरला.
काकू : "सूनबाई, दोर मागं घे."
तिने घेतला नाही. मी दोर धरला, ओढला. काकू उठून घराकडे गेल्या. नाना वळले नाहीत. स्वाती तिथेच.
औषध मोजून कालवलं आहे. वारा जास्त आहे, पडायची वाट बघत बांधावर बसून लिहिते आहे. नाना अजून उडव म्हणाले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. बैठक दुपारी.