कोवळ्या भोपळ्याला मूठ दाखवावी

माय, यंदा पाऊस उतरल्यावर वेलाला लई भोपळे धरलेत. तुझ्याच बियांचा वेल, तुझ्याच परसात, डोंगराच्या त्याच उतरणीवर. फक्त पाणी घालणारा म्हातारा झालाय. खालच्या विहिरीवरून कळशी वर आणेपर्यंत श्वास पुरत नाही. मधल्या दगडावर बसतो आणि शाळेतल्या कविता आठवत राहतो. पहिलं कडवं येतं, दुसरं येत नाही. मग तसाच उठतो.

तुझं परस कधी मोकळं नसायचं. पावसाळ्यात मांडवावर दोडके, कारली, कुंपणाला वाल; थंडी पडली की मेथी, लसूण, वांगी. उन्हाळ्यात काही उरायचं नाही, तरी न्हाणीचं पाणी तू अळवाला पोचवायचीस. घरात खाऊन उरलेलं माळवं टोपलीत घालून फुलंब्रीच्या बाजाराला जायचीस. असाच एक बाजाराचा दिवस. मी वेलाखाली उभा, कविता म्हणता म्हणता प्रत्येक भोपळ्याकडं बोट करतोय. तू चुलीपुढून उलथनं घेऊनच येतेस आणि बोटावर हलकेच हाणतेस. "मूठ दाखव, मूठ! कोवळं हाय ते. बोट दाखवलं की लाजून गळून पडतंय." मी म्हणतो, "पुस्तकात असं नाय लिहिलेलं." "पुस्तकाला भोपळे लागलेत व्हय रं कधी? कविता म्हण लई, बोट तेवढं आवर." तेव्हापासून वेलाजवळ गेलं की माझं बोट आपोआप मिटतं.

गेल्या रविवारी तुझा नातू आणि नातसून बजाजनगरहून गाडी घेऊन आले. मला न्यायला. तिथं त्यांनी माझ्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवलीय. नळाला पाणी, जिना उतरला की दवाखाना. वर्षभर दोघं विचारतायत आणि मी "बघू" म्हणतोय. या वेळी "येतो" म्हणायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. चहा झाला. सून परसात गेली, हरखली आणि बोट लांब करून म्हणाली, "आबा, तो बघा ना, केवढुसा!" आणि माय, माझ्या तोंडून तू निघालीस. "बोट नको! मूठ दाखव! गळून पडंल ते!" इतक्या जोरात, की ती बिचारी दचकून मागं सरली. पोरगा हसायलाच लागला. "बघ, म्हटलं नव्हतं तुला? आबांचा जीव या वेलात हाय. ते कसले येतात आपल्यासंगं!" सून म्हणाली, "खरंय. उगं कशाला तोडायचं त्यांना इथनं." मी "येतो" म्हणायला तोंड उघडलं, पण दोघांच्या चेहऱ्यावर माझं एवढं कौतुक होतं, की मी दोडके तोडायला वळलो. जाताना पोरगा पाया पडला. "आता नाय विचारणार, आबा. बिनघोर राहा."

मी त्यांना दोडके दिले, वालाच्या शेंगा दिल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभा राहिलो.

तुझ्यावर राग नाही, माय. हे कागद पाठवायचे तरी कुठं, उशाखाली राहतील. पण त्या दोघांना ठाऊक नाही ते तुला सांगतो. त्या सकाळी मी दोन धोतरं, चष्मा आणि बीपीच्या गोळ्या पिशवीत भरून दाराआड ठेवल्या होत्या. पिशवी अजून रिकामी केलेली नाही. रोजची गोळी तिच्यातूनच काढून घेतो.