नव्वदची झाडं

११ जाने.
पल्लवीला बघायला पाहुणे येणार. २५ ला. मुलगा बालाघाटचा, पक्की नोकरी. कुडव्याच्या वळणावर माझ्या गाडीवरून उतरता उतरता तिनं सांगितलं, घरातलं मीठ संपलं असं सांगावं तसं. मी म्हटलं, नाही म्हण ना. तर म्हणते, "म्हणीन ना, नाई म्हणून. मंग बाबा विचारतील, तुझा तो पोरगा काय करते? काय सांगू?"
काय सांगणार. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडली, सरांशी भांडून. आता मुर्रीत बाबांच्या धानाकडे बघत बसतो. तेही धड नाही.

१३ जाने.
केशोरीच्या मामाचा फोन. जंगलात सागवानाची कटाई निघाली आहे, मामा तिथे मुकादम. उन्हाळ्यापर्यंत काम. पण झाड कापायची मशीन आपली पाहिजे. विचारलं, झाडं केवढी? "नव्वदची हायेत बहुतेक." तिकडून कोणीतरी हाक मारली, फोन ठेवला.
नव्वद सेंमी. मोबाईलवर काढलं, पस्तीस इंचाच्या वर. व्हिडिओत सांगतात, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी झाडाच्या जाडीहून जरा लांब घ्या. म्हणजे छत्तीस. पल्लवीला आता सांगायला काहीतरी आहे.

१६ जाने.
गाडी विकली. मशीन घेतली.
दुकानदार अठराच्या पट्टीवर अडून. रोजचं काम असेल तर हीच, हात टिकतील, असं त्याचं. मी म्हटलं नव्वदची झाडं आहेत. हसला. "इतना मोटा सागवान बचा है क्या इधर, भैया?" डोकं सरकलं. म्हटलं, सबसे बड़ी निकालो.
ऑटोतून आणली. बाबा दारात. मशीनकडे बघितलं, मग गाडी उभी राहायची त्या जागेकडे.

१८ जाने.
पायी गेलो. प. बसथांब्यावर भेटली. मशीनचं सांगितलं, छाती फुगवून. ती म्हणाली, नव्वद काय, जाडी का गोलाई? म्हटलं नव्वद म्हणजे नव्वद. त्यांच्या बांधावरचं सागवान विकलं तेव्हा फीत बुंध्याला गुंडाळून मोजलं होतं म्हणे. झाड असंच मोजतात. मग बोटानं तळहातावर हिशेब. गुणिले सात, भागिले बावीस. साडेअठ्ठावीस सेंमी, म्हणजे सव्वाअकरा इंच.
माझ्या कमरेच्या घेराएवढं झाड, आणि पट्टी छत्तीस.
ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मी काय काय बोललो. तुला बालाघाटवालाच पाहिजे, म्हणून माझ्या चुका काढून राहिलीस, इथपर्यंत. बस आली. चढताना म्हणाली,
"तू कोणाले विचारत काऊन नाईस रे?"

१९ जाने.
परत दुकानात. मशीन परत घेत नाही, म्हणाला, लहान पट्टी लावून देतो. पण वजन तेच राहणार, दिवसभर फांद्या साफ करायच्या म्हणजे खांदे जातील. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. लहान पट्टी न घेताच निघालो. स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली.

२२ जाने., केशोरी
अख्खी टोळी मशीन बघायला जमली. मामा: "का भाचेबुवा, झाड कापायले आले का पूल?"
एक कापून बघ म्हणाले. पट्टी झाडातून आरपार गेली, टोक पलीकडच्या झाडाला लागलं, मशीन उसळून अंगावर आली. थोडक्यात वाचलो. मामानं हातातून काढून घेतली. अठराची लाव, नाहीतर फांद्या ओढ.
फांद्या ओढल्या.

२४ जाने.
आजही फांद्या. हाताला चमचा धरवत नाही. प. ला माफीच्या चार ओळी पाठवल्या, मग खोडल्या, मग परत पाठवल्या. उत्तर नाही. देऊ पण नये तिनं. उद्या २५.

२५ जाने.
नाल्याकाठी एक जुनं झाड आहे, ऐन. कटाईतलाच, पण एवढा जाड की बाकीच्यांच्या मशीनी पुरत नाहीत. मामा म्हणाला, दुपारी तुझ्या मशीननं दोघं मिळून करू. मी थांबलो नाही. कोणाला विचारलं नाही. पट्टी पूर्ण आत गेली. पहिल्यांदा काहीतरी मापात बसलं. भुसा उडत होता तोंडावर.
झाड कुठे कललं आहे ते बघितलंच नव्हतं. ते मागे बसलं. पट्टी आत दाबली गेली, मशीन बंद. ओढून बघितली, हलत नाही.
मामा धावत आला. शिवी दिली नाही. "अर्धं कापलेलं झाड ज्याचं, राखण त्याची. पडेपर्यंत हलायचं नाई. ढोर, माणूस, कोणी खाली जाऊ देऊ नको." पाचरी आणायला स्वतःच गेला.
दूर बसलो आहे. वारा आला की आतून करकर.
इथे नेटवर्क येतं-जातं. आत्ता आलं. प.: "पाहुणे बसले आहेत. ते गेले की मी बाबांशी बोलणार आहे. रात्रीपर्यंत येशील? एकटीनं नाई होणार."
केशोरीहून शेवटची एसटी तीनला. आता एक वाजून गेला. गाडी असती तर... गाडी त्या ऐनाच्या पोटात अडकून बसली आहे.
एक गाय उतरून येऊन राहिली होती. दगड मारून हाकलली.
मामा नाल्यापलीकडून येताना दिसतो आहे, खांद्यावर पाचरींचं पोतं. विचारायचं एवढंच आहे, माझ्या जागी तू राखणीला बसशील का. एवढंसं वाक्य. जुळवून राहिलो. मामा नाला ओलांडून राहिला.