रजिस्टरातला पोटजातीचा रकाना

बाबा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी तुमच्याच शाळेत, तुमच्याच टेबलाशी बसून लिहितोय. मंगळवारी टोकावड्याकडून एक बाई मुलीला घेऊन आली होती. मुलीचा नर्सिंगला नंबर लागलाय. तिचा बाप माझ्याच वर्गातला, तुमच्या हाताखाली शिकलेला; आता तो नाही. जातपडताळणीला त्याच्या शाळेतली नोंद हवी, म्हणून जुनं जनरल रजिस्टर काढलं. जातीच्या रकान्यात जात आहे, आणि शेजारी पोटजातीच्या रकान्यात तुमची ती आडवी रेघ. सवलत मिळते ती पोटजातीला. नुसती जात दाखवली तर समिती कागद परत करते, आणि प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपतेय.

"गुरुजी, येक शब्द त लिवाचा हाय. तुमीच लिवा ना," बाई म्हणाली.

"जुन्या नोंदीला हात लावता येत नाय, ताई."

"पन मोठे गुरुजी आमचं वाईट कशाला करतील?"

मुलगी नुसती खिडकीबाहेर बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो वर्ग आठवतो. तुम्ही फळ्यावर 'भात' लिहिता, खाली फाटे काढून झिनी, कोलम मांडता. जातीच्या पोटात असते ती पोटजात, असं सांगता. मागून कुणीतरी विचारतो, "गुरुजी, आमची कंची?" तुम्ही खडू खाली ठेवता. "भाताला असू दे रे. तुला कशाला हवी?" तेव्हा पोरं पाण्याच्या पिंपाशीसुद्धा पोटजात बघून रांग लावायची, आणि ते तुम्हाला खपत नसे. नाव घालायला आलेले आईबाप पोटजात सांगायचे, तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात आणि रेघ मारायचात. केवढा अभिमान वाटायचा मला तुमचा! अजूनही वाटतो, आणि आता रागही येतो. दोन्ही घेऊन कुठे जाऊ, कळत नाही. बाईला तालुक्याला जाऊन बघा म्हटलं. तिथेही काही होणार नाही, हे मला ठाऊक होतं.

हे पत्र रजिस्टरातच ठेवावं म्हणत होतो. पण कुणी उघडलं तर? म्हणून खिशात ठेवतो. कारण ती नोंद दाखवताना मी पानावर तळहात ठेवला होता. तळहाताखाली माझी ओळ होती. अख्ख्या पानावर त्या एकाच ओळीत पोटजात लिहिलेली आहे, बाबा, तुमच्या वळणदार अक्षरात. तिच्याच जोरावर गेल्या वर्षी तुमच्या नातीचं प्रमाणपत्र झालं, आणि मी शाळेत पेढे वाटले.