दिव्यांतलं यंत्र

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पक्षाच्या कचेरीत मी रुळलो. पत्रकं तपासायची आणि गठ्ठे बांधायचे, एवढंच काम. नाल्यावरचा नवा पूल कोसळला, तो आमच्याच ठेकेदाराचा. विरोधातल्या मास्तरीणबाई रोज त्याचा जाब विचारतात. म्हणून आमचं नवं पत्रक निघालं: बाईंनी मंजूर करून घेतलेल्या रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांत यंत्र आहे, ते रात्री माणसांचे विचार चोरतं. आमच्या गल्लीत चोरण्याजोगे विचार कोणाकडे आहेत, ते मात्र लिहिलेलं नाही. मी दोनदा तपासून एकही चूक राहू दिली नाही. तुमच्या भागातले दिवे तर भावोजींनीच लावलेत. वाचून त्यांना हसू येईल.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना हसू आलं नाही. काल दिवा दुरुस्त करायला चढले, तर लोकांनी खालून शिडी हलवली. आधी यंत्र काढ, म्हणत होते. त्यात आमचा दूधवालाही होता. ह्यांचा हात मुरगळला, जीव वाचला. सोमवारी पुन्हा चढायचं आहे, नाहीतर नोकरी जाईल. तुझ्या कचेरीतल्या साहेबांना सांग, एवढं पत्रक मागे घ्या. तू जन्माचा भित्रा, पण बहिणीसाठी तोंड उघडशील ना?

वेळेवर जेवत जा, आणि आमची आठवण असू दे.
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंड उघडलं. साहेब चहा ढवळत म्हणाले, "अरे, यंत्रबिंत्र काही नाही, मला काय कळत नाही? पण आठवड्यात पुलाचं नाव काढलं कोणी?" त्यांच्या फाटकासमोर तोच दिवा लखलखतो, त्याचं काय, असं विचारलं. तो आपला आहे, म्हणाले. मी गठ्ठा तिथेच टाकला आणि चौकात उभं राहून भेटेल त्याला सांगितलं, की पत्रक खोटं आहे, मीच ते तपासलंय. सोमवारी भावोजींची शिडी धरायला मी येतो.

आज सकाळी नवं पत्रक आलं. मी पहिल्या दिवसापासून मास्तरीणबाईंचा हेर होतो म्हणे, आणि यंत्र माझ्या चष्म्यातही आहे. पूल अजून नाल्यातच पडलाय. आईने पत्रक वाचलं, नीट घडी घातली आणि हळूच विचारलं, "खरंच का रे?"

तू तरी विचारू नकोस, एवढा लोभ ठेव.
तुझा धाकटा