आंदणाच्या म्हशीचं दावं

माय,

दोन महिन्यांपूर्वी नागपूरच्या बसने एक खोकं आलं. कंडक्टरचे वरचे पाच रुपये, स्टँडवरून घरापर्यंत हातगाडीचे तीन. खोक्यात तुझ्या नातीची पुस्तकं होती, दोन पांढरे ॲप्रन होते आणि एक लाकडी फळी. फळीवर शर्टाची बटणं, ब्लाउजचे हुक, पैजाम्याची नाडी, चपलेचा पट्टा असं सगळं ठोकून बसवलेलं. सामानाचे बावीस रुपये, मजुरी तिची स्वतःची. एक चमचा होता, त्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबर चढवलेलं. रबराचे चार रुपये, चमचा माझाच, मागच्या दिवाळीत नाहीसा झालेला, ज्याच्यावरून मी सगळ्या घराला धारेवर धरलं होतं. आणि तळाशी, एका पुस्तकात, मुंबईच्या कॉलेजचा प्रवेशाचा कागद. खोक्यातली सगळ्यात महाग वस्तू तीच निघाली.

तुझी नात काय शिकली हे तुला सांगायचं, तर मला स्वतःलाच ते नीट सांगता यायला चार वर्षं लागली. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. ज्याच्या अंगावरून वारं गेलं, जो झाडावरून पडला, जे लेकरू जन्मतःच हातपाय ताठ घेऊन आलं, त्याला पुन्हा आपल्या हाताने घास घेता यावा, बटण लावता यावं, अंघोळीचा तांब्या उचलता यावा, हे शिकवायची ती विद्या. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात तिला. शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हातपाय चोळाले एवढी फी?" तुझी नात म्हणाली, "चोळत नाही काकू, माणसाला त्याच्या हाताने जेवायला लावते." त्यावर काकू म्हणतात कशा, "ते तं आमी सुना रोज करूनच राह्यलो व बाई, आमाले कोन डिग्री देते?" आम्ही सगळ्याच हसलो. हसले नाहीत ते फक्त हे. तुला ठाऊक आहे, हे तहसीलच्या दफ्तरात कारकून. साऱ्या तालुक्याचे कामधंदे यांच्या हाताने रकान्यात बसतात. हे म्हणाले, "या कामाले आमच्या कागदात रकानाच नाही. उद्या सोयरीक पाहाले गेलो तं पोट्टी काय करते म्हणून सांगू?" मला फक्त तू आठवत होतीस, म्हशीपाशी पाटावर बसलेली.

पंच्याऐंशी साल असेल. कापसाची वेचणी चालू होती. तुझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वहिनी बाळंतपणाला गेलेल्या, म्हणून दादाने तुला बैलबंडीत गादी घालून माझ्या दारात आणलं. मी ताट वाढून घेऊन बसते आणि तू तोंड फिरवून घेतेस. लेकीच्या घरी आईबाप जेवत नाहीत. जेवलेच तर उठताना नातवंडाच्या हातावर रुपया ठेवतात. तुझ्या पदराच्या गाठीत काही नव्हतं. दोन दिवस तू नुसत्या पाण्यावर. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द ओला होऊन यायचा, तरी मला कळायचा: "लेकीच्या घरी फुकटचं खाऊन राह्यली मी. काऊन आनलं व मले इथं?" मी रडले, रागावले, तुळशीपुढे हात जोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी तू आपण होऊन म्हणालीस, "मले म्हशीपाशी नेऊन बसव. दूध काढीन, मंग जेवीन."

म्हैस तर तुझीच होती. माझ्या लग्नात तू आंदण दिलेल्या वगारीची लेक. मी बंडीत बसायला निघाले तेव्हा तू त्या वगारीला कुंकू लावलंस आणि तिचं दावं माझ्या हातात दिलंस. आपल्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत, घरातच ठेवतात, बरकत जाऊ नये म्हणून. आंदणाचं दावं मात्र जनावराबरोबर लेकीच्या हाती जातं. "इच्या वेलाले बाजार दाखवू नको," तू म्हणालीस. "तुले पोट्टी झाली तं तिच्या हाती दे." ते दावं तू स्वतः अंबाडीचं वळलेलं होतंस. झिजलं की मी दर दोन वर्षांनी नवी अंबाडी घ्यायची आणि जुन्यातला एक पेड तिच्यात घालून पुन्हा वळायची, तू शिकवलं होतंस तसं. म्हैस बदलली, तिची लेक आली, लेकीची लेक आली. दावं तेच.

तर तू पाटावर बसलीस. डाव्या हाताने म्हशीची पाठ थोपटलीस, ती लगेच पान्हा सोडून उभी राहिली; माझ्यासाठी तिने कधी इतक्या लवकर सोडला नव्हता. उजवा हात तू सडाला लावलास आणि तो नुसता लोंबला. बोटं मिटेनात. तुझी नात दहा वर्षांची, बाजूला बादली धरून उभी. तिला कोणी काही सांगितलं नाही. तिने बादली खाली ठेवली, तुझ्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला. दूध बादलीत गेलंच नाही, तुझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तू म्हशीला शिव्या दिल्यास, नातीलाही दिल्यास, आणि मग जेवलीस.

त्यानंतर रोज हेच. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "लकव्याच्या मायले कामाले लावलं व हिनं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र पाटावरूनच ऐकवलंस, "तुह्या सासूले तू बसवून चारतं, म्हनून तं ते उठून नाई राह्यली!" माघ संपता संपता तुझी बोटं मिटायला लागली. हात पूर्ण आला नाही, खोटं कशाला सांगू. पण एक दिवस तू एकटीने अर्धं फुलपात्र भरलंस आणि ते धरून उन्हात बसलीस, कोणाला पिऊ देईनास. पुढच्या वर्षी दुसरा झटका आला आणि तू गेलीस. फुलपात्र अजून देवघरात आहे, त्यात मी ज्योतीच्या वाती ठेवते.

नागपूरहून दुसऱ्या वर्षाला पोरीचं कार्ड आलं होतं: "आई, आज वर्गात शिकवलं की पेशंटला असं काम द्यावं जे त्याला मनातून करायचं आहे. मी हात वर करून आजीची म्हैस सांगितली. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत." ते कार्ड मी यांना वाचून दाखवलं नाही. का दाखवलं नाही, कोण जाणे.

पहिल्या डिग्रीचा खर्च स्टँडवरच्या हॉटेलात रोज जाणाऱ्या दुधावर आणि तिच्या स्कॉलरशिपवर निघाला. आता ही वरची डिग्री, दोन वर्षांची. तिचं म्हणणं, ही झाली तर ती शिकवू शकेल, मोठ्या दवाखान्यात लहान मुलांचा विभाग सांभाळू शकेल. जागा तिने मिळवली, तिच्या मार्कांवर. पण आपण घरात मराठी बोलतो, देवाशी मराठी बोलतो, आणि गाव सीमेच्या अलीकडे, म्हणून कागदावर आंध्रातले. मुंबईच्या कॉलेजात आपण बाहेरचे, बाहेरच्यांना फी जास्त. यांनी फंडातून उचल घेतली. पोस्टात मी तिच्या लग्नासाठी महिन्याला टाकत होते ते मोडलं. मोडताना पोस्टातले बाबू म्हणाले, "लग्न ठरलं वाटतं वहिनी?" मी पैसे पदरात बांधले. एवढं करून सात हजार कमी पडत होते, आणि तारीख पंधरा दिवसांवर.

पोरगी गोठ्यात आली. मी शेण भरत होते. म्हणाली, "आई, म्हैस माझीच ना?"

"तुझ्या लग्नात तुझी."

"मग लग्नाची वाट काऊन पाहाची? आत्ताच दे."

"आंदण वरातीबरोबर देतात, फीच्या पावतीबरोबर नाही."

"बरं, मग मुंबईच्या होस्टेलात नेऊन बांधू का? वॉर्डनला सांगते, आजीनं दिली आहे."

मला हसू आलं आणि तिच्यावर रागही आला. ती गेली आणि मी पाटी तशीच डोक्यावर घेऊन उभी राहिले. तिने मागितलं ते तिचंच होतं. तू दिलंस तेही तिच्यासाठीच. मधे फक्त माझ्या हातात दावं होतं आणि तुझा शब्द.

यांचं म्हणणं सरळ होतं: "म्हैस गेली की दूध गेलं. पुढच्या वर्षी काय विकशील? अन् पंचविशी उलटलेल्या पोट्टीले कोन करन?" हिशेब मला यांच्याहून जास्त कळतो, माय. म्हैस विकून एका वर्षाची फी भरणं म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पाया काढून पहिल्या वर्षाची भिंत बांधणं. तरी मी सोमवारी महादेवाला गेले. चिठ्ठ्या टाकायचा विचार होता, एकीवर विकावी, एकीवर विकू नये. कागद फाडून झाला, लिहायला पेन्सिलही नेली होती. मग टाकल्या नाहीत. उलटी चिठ्ठी आली असती तर मी देवाचं ऐकलं नसतं, हे मला तिथेच समजलं. देवाला विचारून न ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं वाटलं. तेव्हापासून महादेवापुढे मान वर करून बघताना जरा अवघड होतं.

बाजार दाखवायचा नाही, म्हणून गिऱ्हाईक घरी बोलावलं. ही पळवाट आहे हे मला कळतं. गवळी मंचेरियलचा, खाणीच्या वसाहतीत दूध घालणारा. म्हशीचे दात पाहिले, कास चाचपली, स्वतः धार काढून पाहिली. "अम्मा, सात देता." मी म्हटलं, आठ. तो म्हणाला, "बुड्ढी हो रही अम्मा." मी म्हटलं, बुढी तर मी पण झाले, माझी किंमत कोणी कमी केली नाही. तो हसला, साडेसात हजाराला सौदा ठरला. पैसे मोजून झाले आणि तो दाव्याला हात घालायला लागला. मी म्हटलं, हे नाही. "अरे अम्मा, रस्सी बिना लेके कैसा जाना?" मी आदल्या बाजारातून नवं नायलॉनचं दावं आणून ठेवलं होतं, अकरा रुपये. ते म्हशीला बांधलं, जुनं सोडलं. ती नव्या दाव्याला मान देईना. सरकीची मूठ दाखवत मला वेशीपर्यंत पुढे पुढे चालावं लागलं. कुंकू लावलं होतं, तुझ्यासारखंच. पण तू लावलंस तेव्हा जनावर लेकीबरोबर चाललं होतं.

दावं मी रिठ्याच्या पाण्यात धुतलं, दोन दिवस वाळवलं. वास गेला नाही. पोरीची पेटी भरताना पुस्तकांच्या वर गुंडाळून ठेवलं. तिने झाकण उघडलं. "आई, हे काय?" मी म्हटलं, तुझं आंदण. ती हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसली. मग बराच वेळ ते हातात धरून गाठ सोडत आणि पुन्हा मारत राहिली. म्हणाली, "हे मी फळीवर बसवणार. गाठ मारायला शिकवायला अंबाडीसारखं काही नाही, बोटात रुतत नाही आणि सुटतही नाही." मी बरं म्हटलं. पण आता स्वयंपाक करताना मनात येतं, तुझ्या हातचा पेड असलेल्या दाव्याला मुंबईत कोण कोण अनोळखी माणसं हात लावतील, कोणाची बोटं मिटतील, कोणाची मिटणार नाहीत. आंदणाचं दावं असं चार लोकांच्या हातात द्यायचं असतं का? तू असतीस तर विचारलं असतं. तू शिवीच दिली असतीस, पण शिवीवरून मला कळलं असतं.

पहिल्या वर्षाची फी भरल्याची पावती परवा आली. दुसऱ्या वर्षाचं अजून काहीच नाही. हॉटेलवाल्याने दूध दुसरीकडून लावलं. हे माझ्याशी बोलतात, पण म्हशीचं नाव काढत नाहीत.

एक गोष्ट यांना सांगितली नाही, पोरीलाही नाही. म्हैस गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी मला जाग आली. शेण नाही, वैरण नाही, धार नाही. मी कूस वळले आणि उन्हं अंगणात येईपर्यंत झोपले. लग्न झाल्यापासून अशी झोप मला लागली नव्हती. तुझं आंदण गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं, पण झोप झाल्यावर.

हे पत्र पोस्टाच्या पेटीत घालणार नाही. पत्ता नाही, आणि तिकीट वाया घालवायची मला सवय नाही. तुझ्याकडून यायला मात्र तिकीट लागत नसेल. दावं मुंबईला पोचलं, म्हैस मंचेरियलला. आंदण पोचलं का, एवढंच उलट टपाली कळव.