‘शिरांचा’ या शब्दावरचे टिंब

प्रति,
मा. विभाग नियंत्रक,
प्रवासी बस सेवा,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या आजाराच्या नावातून गळालेले टिंब परत मिळणेबाबत व तदनुषंगाने बसण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज (टिंबासह).
२) आगाराचा बदली आदेश (टिंबाशिवाय).
३) अर्जदाराच्या दुसऱ्या अर्जावर आपल्या कार्यालयाचा शेरा : “अर्जदाराच्या शिराची अवस्था पाहता कार्यवाहीची आवश्यकता नाही.”

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही आपल्या अखत्यारीतील आगारात वाहक या पदावर कार्यरत आहे. तिची आजवरची सगळी नोकरी दोन बाकांच्या मधल्या वाटेत, एक हात वरच्या दांडीला आणि एक हात तिकिटाच्या यंत्राला, अशी उभ्याने झाली. दाराजवळ वाहकासाठी राखीव आसन असते हे खरे. पण त्यावर बहुधा एखादे गुडघे धरलेले आजोबा किंवा कडेवर लेकरू घेतलेली बाई बसलेली असते आणि त्यांना उठवायला जीभ रेटत नाही. सेवेच्या नावातच ‘बस’ असूनही वाहकाला बसायला मिळत नाही, याबद्दल अर्जदाराची कधीही तक्रार नव्हती.

२. कालांतराने अर्जदाराचे पाय संध्याकाळी जड होऊ लागले. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगून वर आल्या, जागोजागी गाठी मारलेल्या सुतळीसारख्या. मांडीवर आणि घोट्याभोवती लाल-जांभळ्या बारीक रेषांची जाळी उमटली. नणंदेने ती पाहून, “अगंबाई, कोळ्यानं घर केलंय की पायावर!” असे उद्गार काढले. पुढे शिरांच्या डॉक्टरीणबाईंनीही त्या रेषांना कोळ्याच्याच नावाने ओळखतात असे सांगितल्यामुळे नणंद अजून हवेत आहे.

३. डॉक्टरीणबाईंनी पायाची सोनोग्राफी करून जे समजावले ते येथे देणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणात आजवर कोणीही ते नीट वाचलेले नाही. हृदयातून रक्त खाली पायात उतरते ते आरामात. परत वर जाताना मात्र त्याला चढण लागते. म्हणून पायाच्या शिरांत लहान लहान झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, पण खाली परतू देत नाहीत. माणूस चालला की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलले जाते. एका जागी तासन्‌तास उभे राहिले की तो रेटा मिळत नाही, रक्ताचा भार शिरांवर पडतो. शिरा सैल पडतात, झडपा नीट मिटेनाशा होतात, रक्त खाली साचते आणि शिरा आणखी फुगतात. अर्जदाराने मागचे दार न लागणारी गाडी बरीच वर्षे चालवून घेतलेली असल्यामुळे तिला हे एका वाक्यात समजले.

बारीक जाळी दिसायला वाईट असली तरी तिची घाई नाही. नको असल्यास बारीक सुईने औषध सोडून ती घालवता येते. खरा त्रास डाव्या पायातल्या मोठ्या शिरेचा. तिच्यासाठी घट्ट मोजे असतात, ते सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी चढवायचे. त्यांनी आराम पडतो, दुखणे जात नाही. शिरेत फेसासारखे औषध भरून ती मिटवता येते. लेझरच्या उष्णतेने आतून बंद करता येते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. पूर्वी शीर ओढून काढण्याचे ऑपरेशन करत, ते आता क्वचित करतात. अर्जदाराच्या मोठ्या शिरेला लेझर आणि बाकीच्यांना सुई, असे ठरले. “शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?” असे अर्जदाराने विचारले. “रस्ता बंद असला की तुमची बस कुठून जाते?” असा उलट प्रश्न आला. “वळसा घालून,” असे अर्जदार म्हणाली. “मग रक्तालाही तेवढी अक्कल आहे. शेजारच्या चांगल्या शिरा असतात.”

४. यानंतर डॉक्टरीणबाईंनी घोट्यावरची कातडी बोटाने दाबून पाहिली. ती काळी पडून कडक झाली आहे. मग म्हणाल्या, की इथे एकदा जखम झाली तर ती महिनोन्‌महिने भरत नाही. तिच्या आधी आपण पोहोचायला हवे. त्यांनी आता येत्या आठवड्यातली तारीख अर्जदारासाठी राखून ठेवली आहे. रुग्णालयाला फक्त कार्यालयाचे संदर्भपत्र हवे, आणि त्यात आजाराचे नाव बरोबर हवे.

येथे नमूद करण्यात येते, की अर्जदाराची आई लाँड्रीत इस्त्री करत असे. टेबलाशी उभे राहून तिचा जन्म गेला. तिच्या घोट्यावरची जखम शेवटपर्यंत भरली नाही. पट्टी बदलताना ती खिडकीबाहेर बघत बसे, आणि घरातली सगळी आपापल्या कामाला लागत, कारण वास येई. तिला आजार आहे असे कोणी म्हणत नसे. ‘आईचा पाय’ एवढेच म्हणत. अर्जदाराला त्या पायाची भीती वाटते. ही बाब नोंदीस घ्यावी.

५. सबब, अर्जदाराने पहिला अर्ज करून काही दिवस तिकीट खिडकीवर बसून काम आणि संदर्भपत्र, अशा दोन गोष्टी मागितल्या. अर्जात ‘शिरांचा विकार’ असे स्वच्छ लिहिले होते. डॉक्टरीणबाईंचे अक्षर आगारात कोणालाच लागले नाही, म्हणून आस्थापना लिपिकांनी अर्जावरून आदेश टंकित केला आणि टंकताना ‘रा’वरचे टिंब राहिले. ‘शिरांचा’चे ‘शिराचा’ झाले. शीर म्हणजे रक्तवाहिनी आणि शिर म्हणजे डोके, हे आपणांस सांगणे उद्धटपणाचे होईल.

आदेशात पुढीलप्रमाणे नमूद आहे : “अर्जदारास शिराचा विकार असून शिरातील झडपा निकामी झाल्या आहेत व तेथे जाळे निर्माण झाले आहे. सबब त्यांना डोके न लागणारे काम देण्यात यावे.” तिकीट खिडकीला डोके लागते, म्हणून खिडकी नामंजूर झाली. (याबाबत खिडकीवरील सहकाऱ्यांमध्येच दुमत आहे.) अर्जदाराकडून तिकिटाचे यंत्र काढून घेण्यात आले, गळ्यात शिटी अडकवण्यात आली आणि तिला आगाराच्या बाहेर पडण्याच्या फाटकावर उभे करण्यात आले. तिने शिटी वाजवल्याशिवाय एकही गाडी बाहेर पडत नाही. शिटी उभ्यानेच वाजवावी, असा फाटकाचा नियम आहे.

अशा विकाराची माणसे भरकटतात, हे कोणाच्या तरी लक्षात आल्यावरून अर्जदाराभोवती पांढऱ्या रंगाचे वर्तुळ आखण्यात आले. रंगाऱ्याने, “ताई, जरा डावा पाय आत घ्या,” असे अदबीने सांगितले. तेव्हापासून अर्जदार वर्तुळात आहे, आणि वाहतूक नियंत्रक रोज येऊन ती वर्तुळात असल्याची सही करतात. डॉक्टरीणबाईंनी चाला, नाहीतर पाय वर करून बसा, पण एका जागी उभ्या राहू नका, असे सांगितले होते. तीनही पर्यायांतला नेमका तिसरा आगाराने निवडला.

६. अर्जदार आस्थापना लिपिकांना समक्ष भेटली. हे गृहस्थ मनाने वाईट नाहीत. त्यांनी बसायला खुर्ची दिली, आणि ती या प्रकरणात अर्जदाराला मिळालेली एकमेव खुर्ची होय. “ताई, एवढ्याशा टिंबानं काय होतंय?” असे त्यांचे म्हणणे पडले. काय होते ते अर्जदाराने सलवार वर करून दाखवले. त्यावर ते हळहळले आणि म्हणाले, “एकच शीर बिघडली असती, तर ‘शिरेचा विकार’ लिहिलं असतं. मग घोळ झालाच नसता. तुमच्या अनेक बिघडल्या, तिथं गाडं अडलं.” अर्जदाराने आपल्या पेनाने टिंब देऊ केले. अभिलेखात खाडाखोड करणे गुन्हा आहे, असे सांगून त्यांनी पेनाला टोपण लावून परत दिले. टिंब शुद्धिपत्रकानेच देता येते आणि शुद्धिपत्रक आपल्या कार्यालयातून निघते, असे कळल्यावरून अर्जदाराने आपणांकडे दुसरा अर्ज केला.

७. त्या अर्जात, रागाच्या भरात, “हा प्रकार पाहून अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली,” असे एक वाक्य लिहिले गेले. ते लिहायला नको होते. त्यावरून अर्जदाराच्या फाइलीत अशी नोंद झाली आहे : “विकार तळपायापर्यंत पसरला असून दाहासह पुन्हा मस्तकाकडे येत असल्याचे अर्जदार स्वतःच मान्य करते.”

८. आदेशाची प्रत टपालाने घरी गेली आणि ती सासूबाईंनी फोडली. “मी पहिल्यापासून सांगत होते, माझं कुणी ऐकतंय का?” असे त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून विळी त्यांच्या खोलीत असते. अर्जदाराचे पती मात्र अतिशय मऊ आवाजात बोलू लागले. तो आवाज लग्नाच्या आधी होता, मध्यंतरी गेला होता. अर्जदाराने खरे काय ते लगेच सांगितले नाही. आवाज ऐकायला बरा वाटत होता.

पुढे मोजे चढवायला एकटीचे बळ पुरेना, म्हणून पतींना बोलवावे लागले. आयुष्यात प्रथमच त्यांनी अर्जदाराचे पाय धरले. मोजा घोट्यापाशी आणून ते थांबले. त्यांनी सासूबाईंचा, म्हणजे अर्जदाराच्या आईचा, पाय पाहिलेला होता. “हे डोक्याचं नाहीये गं,” असे ते म्हणाले. यावर अर्जदार रडली. सदर रडणे हे विकाराचे लक्षण म्हणून नोंदवण्यात येऊ नये.

९. दरम्यान आगाराने तत्परता दाखवून संदर्भपत्र दिले. तेही ‘शिराचा विकार’ असेच होते. त्यामुळे रुग्णालयाने अर्जदाराला मेंदूविकार विभागात पाठवले. तेथील डॉक्टरांनी आजचा वार विचारला, नाकाला बोट लावायला सांगितले, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली आणि मारता मारता त्यांची नजर पोटरीवर गेली. “बाई, तुमचं डोकं ठणठणीत आहे. हा पाय कुणालातरी दाखवा,” असे त्यांनी सांगितले आणि डोके ठीक असल्याचा दाखला दिला.

अर्जदार तो दाखला घेऊन धावतपळत आगारात आली. दाखला पाहून आगाराने कळवले की, शिर ठीक असल्याने विकार उरला नाही, सबब नव्या संदर्भपत्राची गरज नाही. वर्तुळ मात्र खबरदारी म्हणून राहील. अर्जदाराने पुन्हा आपल्या कार्यालयात चौकशी केली, तेव्हा आदेश रद्द झालेला नसल्याने शिराची अवस्था पूर्ववत धरली जाईल, असे उत्तर मिळाले. म्हणजे उपचार मागायला गेले की अर्जदाराचे डोके ठिकाणावर असते आणि अर्ज करायला गेले की नसते. ती कोणत्या खिडकीशी उभी आहे त्यावर ते ठरते.

१०. काल रात्री मोजा काढताना आतल्या बाजूस ओला डाग दिसला. घोट्यावरची कातडी उकलू लागली आहे. डाग लहान आहे. आदेशातून गळालेल्या टिंबाहून फार मोठा नाही.

११. तरी आपणांस हात जोडून विनंती, की एक टिंब मंजूर करावे. रजा, खिडकी, खुर्ची, वर्तुळाचा खर्च, झालेली बदनामी, यांतले काहीही अर्जदार मागत नाही. टिंब असलेले संदर्भपत्र शनिवारी कार्यालय बंद होईपर्यंत मिळाल्यास अर्जदार लेझरला जाईल आणि बरी झाल्यावर पूर्ववत उभी राहील.

१२. न मिळाल्यास, सोमवारी पहिली गाडी सुटण्यापूर्वी अर्जदार वर्तुळात बसेल. यासाठी परवानगी मागितलेली नाही, केवळ माहिती दिली आहे. घरच्या दोन खुर्च्या पती आणून ठेवतील. एकीवर अर्जदार आणि दुसरीवर, उशा रचून, तिचे पाय. हे आंदोलन नाही, संप नाही, निदर्शने नाहीत. हा उपचार आहे. बसून शिटी वाजवणे नियमबाह्य असल्यामुळे अर्जदार ती वाजवणार नाही. शिटीशिवाय गाडी काढणे नियमबाह्य असल्यामुळे चालकही ती काढणार नाहीत. पहिल्या गाडीच्या चालकांना याची कल्पना दिली असता ते म्हणाले, “तू बस. मी इंजिन बंद करतो.”

अर्जदारावर कारवाई करण्याचे मनात आल्यास आदेशातला शेवटचा परिच्छेद वाचावा. त्यात, शिराचा विकार असलेल्या कर्मचाऱ्यास तो विकार कायम असेपर्यंत त्याच्या वर्तनाबद्दल जबाबदार धरता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. अर्जदाराला जबाबदार धरायचे असेल, तर आधी ते टिंब द्यावे लागेल.

कळावे,

आपली नम्र,
(सही)
वाहक, सध्या नेमणूक फाटक

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो