बसवून न्यायची गाडी

७ फेब्रुवारी

चि. पान्यास, आजीचे आशीर्वाद वि. वि.

मला लिहिता येत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तुला येतं, हे तूच विसरलास का? हे पत्र तुझी आई लिहिते आहे. मी बोलते त्यातलं निम्मं ती गाळते, तेव्हा जे उरेल ते नीट वाच.

तुझ्या बापाची धाप वाढली आहे. खाणीतल्या दगडाची धूळ छातीत बसली ती आता इथल्या गोळ्यांना दाद देत नाही. खाली मोठ्या इस्पितळात न्या, असं कंपाउंडर म्हणाला. पण दरड कोसळल्यापासून भाड्याची गाडी वर यायला तयार नाही, आणि ओढ्यावरचा रस्ता वाहूनच गेलाय. तू गॅरेजात जगाच्या गाड्या उघडून बसतोस, एखादी आपल्यासाठी बघ.

जेवत जा. इकडचा लोभ भरपूर आहे, तिकडचा थोडा वाढव.

आजी

१५ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

दोन गाड्या पाहिल्या. एक लष्कराने लिलावात काढलेली जुनी जीप. वर ताडपत्री, बाजू उघड्या, सीट म्हणजे लोखंडावर ताणलेलं कातडं. पण चारही चाकांना जोर आहे, ओढा सहज पार करेल. दुसरी पिकअप. आधीच्या मालकाने ती उंच करून मोठे टायर चढवलेत, मागे पत्र्याची बंद खोली केली आहे. उंच केल्यामुळे डुलते, ओढ्याशी तिचा भरवसा नाही. तिथे दगड टाकून बघू.

मी पिकअपच घ्यावी म्हणतो. मागे पलंग ठोकीन, गादी टाकीन, ऑक्सिजनच्या नळकांड्याला कडी लावीन. बाबा आरामात झोपून येतील. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला.

आईला नमस्कार. माझ्यावर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

पान्या

२० फेब्रुवारी

चि. पान्यास, आजीचे आशीर्वाद वि. वि.

पलंग कुणासाठी, माझ्यासाठी का? तुझा बाप थंडी पडली तेव्हापासून आडवा झालेला नाही. आडवा केला की बुडणाऱ्यासारखे हात मारतो. खुर्चीवर उलटा बसतो, पाठीच्या फळीवर उशी, तिच्यावर कपाळ. रात्रही तशीच. तू घर सोडलंस तेव्हा तो घोरत होता, म्हणून तुझ्या डोळ्यांत तो झोपलेलाच राहिला. पुढे दर पत्रात, बरा आहे असं लिही, म्हणून तोच आईला बजावायचा.

आता एक कर. नाकातोंडाला ओलं फडकं घट्ट बांध आणि दोन्ही गाड्यांतून वाईट रस्त्याने फिरून ये. मग कळव. हे असलं लिहू का, असं तुझी आई विचारते. मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही.

रागावले नाही. तेवढं आता अंगात नाही.

आजी

२६ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

केलं. गॅरेजातले मिस्त्री आधी हसले, मग त्यांनीच फडकं ओलं करून दिलं.

पिकअपमध्ये मागे आडवा झालो, तर दुसरं वळण यायच्या आत मी फडकं ओरबाडून काढलं. मग पुढे केबिनमध्ये काचा लावून बसलो, तिथे बरं वाटलं, धूळ नाही. पण खड्ड्यात गाडी अशी कलली की उतरून चौघांनी ढकलली. जीप कुठेही अडली नाही. समोरच्या दांडीवर कपाळही टेकता येतं. पण धूळ सगळी आत. उतरलो तेव्हा फडकं तपकिरी झालं होतं.

एकीत बाबा ओढ्यात अडकतील, दुसरीत तीच धूळ खातील. माझ्याने ठरववत नाही. तू ठरव. आशीर्वाद असू दे.

पान्या

२ मार्च

चि. पान्यास, आजीचे आशीर्वाद वि. वि.

मी कशी ठरवू? ज्याची छाती त्याला विचारलं. आईने तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. बोलायला श्वास जमवण्यात त्याचा बराच वेळ गेला. मग म्हणाला, "धूळ माझ्या ओळखीची आहे. ओढ्यात मात्र मला अडकवू नका."

जीप आण. बाजूंना ओल्या चादरी बांधू. मी मागून त्याला धरून बसेन. माझं वजन किती, असं विचारायचं नाही.

वाट बघते.

आजी

१४ मार्च, इस्पितळ

चि. पान्यास, आजीचे आशीर्वाद वि. वि.

हे पत्र नर्सबाई लिहिते आहे. तिचं अक्षर तुझ्या आईपेक्षा चांगलं आहे, एवढं आईला वाचून दाखवू नकोस.

आम्हाला इथे सोडून वर परतताना तू विचारलंस की जीपमधल्या धुळीनेच बाबांचं जास्त झालं का. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला. सगळा पांढरा. रस्त्याची धूळ शिरायला तिथे जागाच उरली नव्हती, असं ते म्हणाले. तेव्हा ते ओझं टाकून दे. पिकअप असती तर ओढ्याशीच संपलं असतं. हे मी म्हणते, डॉक्टर नाही.

आता दुसरं. हे आईला तू समोर बसून सांग, पत्र हातात देऊ नकोस. बाप घरी परत यायचा नाही. नळीने हवा देतात तेवढे दिवस. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मी आत जाऊन त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

त्याने मला खुणेने जीपचं विचारलं. विकणार नाही, असं मी तुझ्या वतीने सांगून टाकलं. खाणीतला त्याचा जोडीदार तसाच खोकायला लागलाय. येशील तेव्हा त्यालाही घेऊन ये. बसवून.

लोभ करायला आता आपण तिघंच उरणार, तेव्हा कुणी हात आखडायचा नाही.

आजी

ता. क. येताना दोन डबे आण. माझ्यात काहीही भर, मला अजून दात आहेत. बापाच्या डब्यात मऊ भात, मीठ बेताचं. तो दोन घासांपुढे जात नाही. तरी डबा काठोकाठ भरून आण. अर्धा आला तर त्याला कळेल.